बॅस्कम काउंटीची पाचवी मुलगी

व्हर्लीन स्ट्राउडचं कोर्टासमोरच्या चौकात लाँड्रीचं दुकान आहे, पण तिची खरी नोकरी ती नव्हे. खरी नोकरी बिनपगारी. एकतीस वर्षं ती 'मिस बॅस्कम काउंटी' ही स्पर्धा चालवते. चालवते कसली, ओढते. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, डोळ्याला मोतीबिंदू, आणि अजून पोरींच्या झग्यांना टाचण्या लावत जमिनीवर बसलेली असते. नवरा डॉइल दर वर्षी म्हणतो, "पुरे कर आता." ती दर वर्षी म्हणते, "यंदाचं होऊ दे." असं म्हणता म्हणता डॉइलचे केस पांढरे झाले.

ही स्पर्धा १९५४ साली आमच्या गावच्या तरुण दुकानदारांनी सुरू केली, आणि सौंदर्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. कापसाची वेचणी संपली की शनिवारी बाजारात चिटपाखरू फिरकत नसे. पोरी पोहण्याच्या कपड्यांत ट्रकवर उभ्या केल्या तर गिऱ्हाईक येईल, एवढाच त्यांचा डाव. गिऱ्हाईक आलंही. पुढे कुणाच्या तरी बायकोला लाज वाटली, मग मुकुटाबरोबर कॉलेजची शिष्यवृत्ती द्यायचं ठरलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी 'सौंदर्यस्पर्धा' म्हटलं की व्हर्लीन हातातली इस्त्री खाली ठेवून सांगते, "शिष्यवृत्ती स्पर्धा म्हणा." तिचं चूकही नाही. ती स्वतः १९७५ ची राणी. बँडपुढे फिरवतात तशी काठी फिरवून दाखवून जिंकली आणि त्या पैशांवर दोन वर्षं कॉलेजात गेली. तिच्या घरात तोवर कॉलेजचं दार कुणी पाहिलं नव्हतं. ते ती विसरली नाही. म्हणून तर ही सगळी वेठबिगारी.

एके काळी बावीस-बावीस पोरी उभ्या राहायच्या, दोन दिवस कार्यक्रम चालायचा. आता कुठल्या? कुणाला व्हॉलीबॉल, कुणाला नोकरी, कुणाला हे सगळं जुनाट वाटतं. स्पर्धांच्या राज्य मंडळानं पोहण्याच्या कपड्यांची फेरी बंद केली. चांगलंच झालं म्हणा, त्या फेरीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण मागच्या रांगेतले म्हातारे त्याच वर्षापासून यायचे थांबले, आणि तिकिटं तेच काढायचे! उरलं ते असं: सकाळी बंद खोलीत परीक्षकांसमोर दहा मिनिटांची मुलाखत, दुपारी रंगमंचावर एक प्रश्न, मग कलागुणांची फेरी, मग लांब झग्यातली चाल, आणि शेवटी मुकुट.

आणि एक नियम. राज्य मंडळाचा नियम असा की स्पर्धा ग्राह्य धरायची तर निदान पाच मुलींनी सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या पाहिजेत. चार झाल्या की काउंटीची सनद रद्द. सनद गेली की मुकुट नाही, शिष्यवृत्ती नाही, राज्याच्या स्पर्धेला कुणी जायचं नाही. एकदा गेलेली सनद परत मिळाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आमच्या शेजारच्या दोन काउंट्यांची अशीच गेली.

आता पाच मुली कुठून आणायच्या? तर त्याला व्हर्लीननं वीस वर्षांपूर्वी एक युक्ती काढली होती, आणि गावात ती सगळ्यांना माहीत होती, फक्त जिच्यावर ती चालायची तिला सोडून. पोरी कमी पडल्या की शेवटच्या आठवड्यात कुणीतरी एक भरतीची मुलगी धरून आणायची. तिला झगा लाँड्रीतला, बूट उसने. कलागुण काय? कधी गाणं शिकली नाही, कधी नाचली नाही अशी पोर आठवड्यात काय करणार? त्यासाठी व्हर्लीननं एका दुपारी बिलाच्या पाठीवर एक पत्र लिहून ठेवलं होतं. दूर कामाला गेलेल्या आईचं लेकीला पत्र. दीड मिनिटाचं. पाठ करायचं, खुर्चीवर बसून म्हणायचं, झालं. आतापर्यंत अकरा पोरींनी ते म्हटलं होतं. 'आईचं पत्र' सुरू झालं की लोक उठून पॉपकॉर्न आणायला जायचे, बाथरूमला जायचे. ती वेळच त्या कामाची.

यंदा चारच मुली होत्या. त्यात कॅरिस लॉफ्टन, जिची चौथी खेप. दर वर्षी दुसरी येते बिचारी, आणि वयाच्या अटीत तिला हे शेवटचं वर्ष. शिक्षिका व्हायचंय, शेवटचं सत्र पैशावाचून अडलंय. चार पोरींच्या आया रोज लाँड्रीत येऊन विचारत होत्या, "पाचवी मिळाली का हो?" जणू पाचवी धुलाईला टाकली होती आणि संध्याकाळी मिळणार होती.

रविवारी चर्च सुटल्यावर व्हर्लीन आणि डॉइल नदीकाठच्या मासळीच्या टपरीवर जेवायला गेले. खिडकीत डार्बी जर्निगन होती. एकोणीस वर्षांची, केस जाळीत बांधलेले, हातावर तेलाचे चटके. तळलेला मासा आणि मक्याचे गोळे कागदात गुंडाळून देताना ती सगळ्यांशी नीट डोळ्यात बघून बोलायची. व्हर्लीननं ते बघितलं. एकतीस वर्षांची सवय.

"काय गं, पुढे शिकायचं नाही का?" व्हर्लीननं विचारलं.

"शिकायचंय की. पलीकडच्या कॉलेजात नर्सिंगचा कोर्स आहे. पण आई बोटीवर, भाडं मी भरते. बघू."

डार्बीची आई रोविना मालवाहू बोटीवर स्वयंपाकीण. अठ्ठावीस दिवस नदीवर, चौदा दिवस घरी. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट. डार्बी मात्र शनिवारी टपरीवरच असायची, स्पर्धा तिनं कधी पाहिलेली नव्हती.

"स्पर्धेत ये ना," व्हर्लीन म्हणाली. "सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या तरी नर्सिंगच्या पुस्तकांपुरती शिष्यवृत्ती मिळते. जिंकलीस तर दोन वर्षांची फी."

"मी?" डार्बी हसली. मग हसायची थांबली. "खरंच मी?"

डॉइल गाडीत बसल्यावर म्हणाला, "त्या पोरीला सांगितलंस का, ती कशासाठी हवीय ते?"

"सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं, डॉइल."

"मी आपलं विचारलं."

तो आपलं विचारतो आणि गप्प बसतो. चाळीस वर्षं व्हर्लीनला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

सोमवारी दुकान बंद करताना डार्बी आली. कपड्यांच्या वाफेत उभी राहून तिनं बिलाच्या पाठीवरचं ते पत्र वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. डोळे भरले तिचे.

"बाई," ती म्हणाली, "हे तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत? आई बोटीवर असते म्हणून?"

आता इथं खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. नाही गं, जुनंच आहे, एवढंच. पण व्हर्लीन पहाटेपासून उभी होती, पाय सुजले होते, आणि शनिवार पाच दिवसांवर आला होता. ती म्हणाली, "आवडलं ना तुला? मग झालं." आणि झग्याची कंबर मोजायला लागली. दमलेल्या माणसाला गप्प बसणं फार सोपं असतं. तेवढ्यानं ती वाईट बाई होत नाही, पण केलं ते केलंच.

डार्बीनं आईला फोन केला. आईनं बोटीवर दुसऱ्या स्वयंपाकिणीशी पाळी बदलून घेतली. टपरीवर मासे तळताना डार्बी पत्र म्हणायची, आणि तिचा मालक सांगतो की दोन दिवस गोळे करपले तरी तो काही बोलला नाही. त्यालाही पत्र माहीत होतं. त्यानंही सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही.

शनिवारी शाळेच्या सभागृहात दोनला कार्यक्रम. संध्याकाळी तिथंच बास्केटबॉलचा सामना होता, म्हणून सगळं दुपारीच उरकायचं होतं. दारात जॅनेट कॉय तिकिटं फाडत होती. पंधरा वर्षं तीच फाडते, व्हर्लीनचा उजवा हात. कार्यक्रमाची पुस्तिका आधीच छापून आली होती, त्यात चार मुलींचे फोटो. भरतीच्या मुलीचं नाव पुस्तिकेत कधीच येत नाही, कारण ती छपाईनंतर सापडते. डार्बीनं एक प्रत उघडून बघितली, उलटसुलट केली.

"माझं पान राहिलं वाटतं."

"छापखान्यानं घोळ घातला गं," व्हर्लीन म्हणाली. "चल, केस करू."

सकाळची मुलाखत झाली होती. परीक्षक पाच, सगळे बाहेरच्या काउंट्यांतले. तसा रिवाजच आहे, म्हणजे कुणाची पुतणी, कुणाची भाची अशी भानगड नको. मुलाखतीच्या खोलीतून डार्बी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "दहा मिनिटं कधी संपली कळलंच नाही, बाई. त्यांनी बोटीबद्दल विचारलं. मी बोलतच सुटले." व्हर्लीननं तिच्या पाठीवर थोपटलं आणि कॅरिसच्या झग्याची चेन बघायला गेली.

कलागुणांची फेरी. एक पोर गायली, एक टॅप डान्स नाचली, एकीनं बासरी वाजवली, कॅरिसनं पियानो. मग रेडिओवरचा आमचा निवेदक म्हणाला, "आणि आता डार्बी जर्निगन, एक नाट्यछटा." पडदा सरकला, मधोमध एक खुर्ची दिसली, आणि सभागृहात खुर्च्या वाजायला लागल्या. लोक उठत होते. कुणीतरी म्हणालं, "आलं गं पत्र!" आणि आसपासचे हसले.

डार्बीला वाटलं, उशिरा आलेले लोक जागा शोधताहेत. ती खुर्चीवर बसली. तिसऱ्या रांगेत तिची आई बसली होती, बोटीवरच्या जाड जाकिटात, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"लेकी," डार्बी म्हणाली, "इथं सकाळी धुकं असतं आणि पलीकडचा काठ दिसत नाही. मी तिकडे बघत असते. तू तिकडे आहेस म्हणून."

व्हर्लीन विंगेत घड्याळ धरून उभी होती. हे शब्द तिनं अकरा वेळा ऐकले होते आणि एकदाही ऐकले नव्हते. आज ते तिच्या कानात गेले. पोर नाटक करतच नव्हती. ती आईकडे बघून आईचेच शब्द आईला परत देत होती. परीक्षकांच्या टेबलावरच्या एका बाईनं पेन खाली ठेवलं.

"कागदावर डाग पडलाय," डार्बी म्हणाली, "तो बघून काही मनात आणू नकोस. तो डाग डोळ्यातल्या पाण्याचा नाही..."

आणि मागच्या रांगेतली पोरं, त्यांचे बाप, पॉपकॉर्न घेऊन परतणारे, अर्धं सभागृह एका सुरात ओरडलं, "तो कांद्याचा आहे!"

हशा, शिट्ट्या. दर वेळी असंच व्हायचं. आमच्याकडे तो गमतीचा भाग होता, त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हेच तर वाईट.

आधी डार्बीला काही कळलं नाही. तिनं सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. मग आईकडे बघितलं. आई मागं वळून लोकांकडे बघत होती, की बाई यांना माझ्या लेकीचे शब्द ठाऊक कसे? आणि मग डार्बीला कळलं. कळताना तिचा चेहरा कसा झाला ते व्हर्लीननं विंगेतून बघितलं, आणि ते न बघण्यासाठी तिनं काहीही दिलं असतं.

पोरीनं पत्र पुरं केलं. हळू आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत. उठली, वाकली, आत गेली. मध्यांतर झालं.

वाद्यवृंदाची खोली मुलींना कपडे बदलायला दिली होती. डार्बी तिथं एका ढोलावर बसली होती, हाताला बांधलेला पाच नंबरचा बिल्ला सोडत होती. बाकीच्या चौघी भिंतीला चिकटून उभ्या. व्हर्लीननं त्यांना बाहेर पाठवलं. कॅरिस सगळ्यात शेवटी गेली.

"किती जणींनी म्हटलंय ते?" डार्बीनं विचारलं.

"अकरा."

"जिंकली कुणी?"

"नाही."

"त्यांना माहीत होतं?"

व्हर्लीन बाहीला लावलेली एक टाचणी काढून परत लावायला लागली.

"मला पाचवी म्हणून आणलंत. नुसती मोजायला."

"हो."

"माझी आई पाळी बदलून आलीय, बाई. त्यापायी तिच्या दोन सुट्ट्या गेल्या. मी तिला म्हटलं, एका बाईंनी आपल्यासाठी पत्र लिहिलंय." तिचा आवाज फुटला आणि तिनं तो परत आवरला. "मी गेले तर काय होईल?"

इथं व्हर्लीनकडे सांगायला पुष्कळ होतं. अशा रडणाऱ्या पोरींना समजवून बाहेर काढण्यात तिची हयात गेली होती. डोळे पूस, हनुवटी वर, लोकांना दाखवून दे. हे सगळं तिच्या जिभेवर होतं. पण ती इतकी दमली होती, इतकी दमली होती की खोटं बोलायलाही अंगात बळ नव्हतं. ती दुसऱ्या ढोलावर बसली.

"तू गेलीस तर चारच उरतात," ती म्हणाली. "स्पर्धा रद्द. सनद जाते. कॅरिसचं हे शेवटचं वर्ष आहे, तिलाही काही मिळत नाही. आणि माझी एकतीस वर्षं संपतात. पण ते तुझ्या डोक्यावर नको. जायचं असेल तर जा. मी थांबवणार नाही."

डार्बीनं बिल्ल्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली.

"तुम्ही बाहेर जाऊन सांगा," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांसमोर. पत्र कुणाचं, कशासाठी, ते सांगा. आणि त्या अकरा जणींची नावं घ्या. अकराच्या अकरा. त्यांना कुणी हसलं असेल ना, तेव्हा त्यांच्या आया पण बसल्या असतील समोर. मग मी झग्यातली फेरी चालते."

व्हर्लीन रंगमंचावर गेली. निवेदकाच्या हातून तिनं माइक घेतला तेव्हा लोकांना वाटलं, लकी ड्रॉ असेल. टाळ्या पडल्या. राज्य मंडळाचा माणूस पहिल्या रांगेत फाईल उघडून बसला होता.

"ते पत्र मी लिहिलेलं आहे," व्हर्लीन म्हणाली. "पोरी कमी पडल्या की मी एखादीला बोलावते आणि ते तिच्या हातात देते. तिला सांगत नाही. तुम्ही हसता, आणि मी तुम्हाला हसू देते. वीस वर्षं. आज मला त्या मुलींची नावं घ्यायची आहेत."

व्हर्लीननं सुरुवात केली. १९५४ पासूनच्या सगळ्या राण्यांची नावं तिला ओळीनं पाठ आहेत, झोपेत विचारा. ही अकरा काय अवघड? "शर्ला डीन प्रुइट," ती म्हणाली. "मोना ग्रिग्ज. टेरेसा बोलिन. ती उंच मुलगी, कॅसी... कॅसी फेल्ट्स. लॅव्हॉन हिक्स. डॉटी रे वॉल. नेल ओकली." सात झाली. आणि पुढे काही येईना. तिला झगे आठवले. एकीचा हिरवा, एकीच्या बाहीला तिनंच लेस लावली होती. एकीचा बूट मोठा होत होता म्हणून पुढे कापूस भरला होता, तो पाय आठवला. नाव आठवेना. माइकमधून तिचा श्वास सगळ्यांना ऐकू जात होता.

"आणि मी, व्हर्लीन," दारातून कुणीतरी म्हणालं.

जॅनेट कॉय होती. हातात फाडलेल्या तिकिटांची पेटी.

"अगं, मीच. गुलाबी झगा. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी खरी उभी राहा. मग मी तिकिटं फाडायला लागले."

रोज दुकानात येणारी बाई. रोज एका थर्मासमधली कॉफी प्यायच्या दोघी. व्हर्लीनच्या तोंडून कसंबसं निघालं, "जॅनेट कॉय." आठ. मग मागून, कडेवर पोर घेतलेली एक बाई उठली आणि स्वतःचं नाव स्वतःच सांगून खाली बसली. ऑड्रा विंबर्ली. नऊ.

दोन उरल्या. व्हर्लीन वाट बघत राहिली. कुणी उठलं नाही. त्या दोघी कुठे गेल्या असतील कोण जाणे, मेम्फिसला, टेक्सासला, कुठेही. दोन नावं जुळवून घेणं तिला काही अवघड नव्हतं. मेरी अमुक, अ‍ॅन तमुक. कुणाला कळलं असतं? पुस्तिकेतही ती नव्हती. तिच्या ओठांपर्यंत आलं ते.

"दोघी राहिल्या," ती म्हणाली. "त्यांची नावं मला आठवत नाहीत." आणि माइक ठेवला.

विंगेत डार्बी झगा घालून उभी होती. बिल्ला हाताला परत बांधलेला. तिच्या खांद्यामागे कॅरिस, तिचा हात हातात घट्ट धरून.

"दोन राहिल्या, बाई," डार्बी म्हणाली.

"हो."

"कॅरिससाठी चालतेय मी. तुमच्यासाठी नाही."

आणि ती गेली. मधल्या खुणेपर्यंत चालली, वळली, उभी राहिली, परत आली. हसली नाही. कुणी शिट्टी वाजवली नाही. सगळ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या, राज्य मंडळाच्या माणसानं फाईलमध्ये पाचवी खूण केली. आणि ती खूण होते आहे तोवर डार्बीनं झगा काढून खुंटीला लावला, जाकीट चढवलं, आणि बाजूच्या दारानं आईबरोबर निघून गेली. त्यांच्या ट्रकचा आवाज आत ऐकू आला.

मग निकाल. चौघी हात धरून उभ्या. निवेदकानं लिफाफा उघडला, वाचला, परत वाचला, आणि व्हर्लीनकडे बघितलं.

परीक्षक बाहेरचे होते हो! त्यांनी ते पत्र आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे एक मुलगी आली, मुलाखतीत नदीवरच्या आईबद्दल बोलली, आणि दुपारी खुर्चीवर बसून तिनं त्यांचं काळीज हलवलं. लोक का ओरडले ते त्यांना समजलंही नाही, आणि पत्राचे गुण व्हर्लीन माइकवर जाण्याआधीच जमा झाले होते. त्यांनी जे पाहिलं त्याला गुण दिले. मिस बॅस्कम काउंटी, डार्बी जर्निगन. दुसरी, कॅरिस लॉफ्टन.

कॅरिस पहिली टाळ्या वाजवायला लागली. रडत रडत वाजवत होती, आणि ते रडणं दोन्ही तऱ्हेचं होतं. राज्य मंडळाच्या माणसानं व्हर्लीनला बाजूला घेतलं. "शुक्रवारपर्यंत मुलीची सही हवी. नाही तर मुकुट दुसरी आलेल्या मुलीला जाईल. नियम आहे."

"नियम मला ठाऊक आहेत," व्हर्लीन म्हणाली.

रविवारी तिनं अंथरूण सोडलं नाही. डॉइलनं सूप आणून दिलं आणि काही विचारलं नाही. सोमवारी दुपारी जॅनेटला लाँड्रीत बसवून ती मुकुटाची पेटी आणि सहीचा कागद घेऊन नदीकाठच्या टपरीवर गेली. खिडकीशी रांग होती. ती रांगेत उभी राहिली, गुडघे दुखत असताना, सहा गिऱ्हाइकांच्या मागं. पुढच्यांनी तिला ओळखलं, पण पुढे कुणी जाऊ दिलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

"काय देऊ?" डार्बीनं विचारलं. केस जाळीत, हातावर पीठ.

"तू जिंकलीस."

"कळलं मला. कॅरिसचा फोन आला होता."

व्हर्लीननं पेटी खिडकीच्या फळीवर ठेवली. "दोन वर्षांची फी आहे यात, डार्बी. ही कुणाची मेहरबानी नाही. माझी तर नाहीच. तुझी मिळकत आहे. माझ्यावर राग काढ, त्यावर नको काढूस."

डार्बीनं पेटीकडे बघितलं. हात पुढे केला आणि पेटी न उघडताच हलकेच परत सरकवली.

"मुदत कधीपर्यंत आहे?"

"शुक्रवार."

"त्या दोघींची नावं मिळाली?"

"नाही."

"मग शोधा," डार्बी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती अजूनही सगळ्यांशी बोलायची तशी नीट डोळ्यात बघूनच बोलत होती. "मला हवीय ती फी, बाई. खोटं कशाला बोलू? माझ्या आईनं काल दिवसभर तोच हिशेब केला. पण अकरा म्हणजे अकरा. मिळाल्या की या, मी सही करते. तोवर ते तुमच्यापाशी ठेवा. मासा देऊ का? मागं लोक आहेत."

व्हर्लीन गाडीत येऊन बसली. चार दिवस होते. तिला झोप हवी होती, महिनाभराची. पेटी शेजारच्या सीटवर ठेवून तिनं डोळे मिटले, हिरवा झगा आठवला, कापूस भरलेला बूट आठवला, आणि त्याच्या वरचा चेहरा काही केल्या येईना. मग तिनं फोन काढला आणि जॅनेटला लावला.

"जॅनेट," ती म्हणाली, "दुकान बंद कर आणि बाहेर उभी राहा. मी येते. आपल्याला घरोघर विचारत जायचंय."

"कुठून सुरुवात करायची?" जॅनेटनं विचारलं.

"मला माहीत नाही गं," व्हर्लीन म्हणाली, आणि गाडी सुरू केली.